निमिया आत्याची अर्धी नक्कल

माझ्या निमिया आत्याला कुणाचीही नक्कल करायला सांगा, ती निमिया आत्याचीच निघते. गाय सांगितली तर निमिया आत्या हंबरते. बिशप सांगितला तर निमिया आत्या आशीर्वाद देते, तोही अंड्यांचा भाव सांगावा तसा. आमच्या घराण्यात हे व्यंगच म्हणायचं, कारण आमच्याकडे पोर बोलायला लागलं की पहिल्यांदा शेजाऱ्याचा खोकला काढून दाखवतं. आत्या मात्र कोरडी निघाली. आणि तरीही पणजोबांना शोधायचं काम घेतलं ते तिनेच.

आत्या अंडी गोळा करते. आमच्या कोस्टा पुकूपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर तिची तीनचाकी आठवडाभर खडखडत असते, आणि शनिवारी ती शहराच्या बाजारात बसते. हेल्मेट आहे तिच्याकडे, पण ते डोक्यावर नसतं. त्यात बदकाची अंडी असतात. ‘डोकं फुटलं तर सांधतील,’ ती म्हणते, ‘अंडं कोण सांधणार?’

दारोदार फिरायची तिला सवय. आमच्याकडे कुणाच्या दाराशी जाऊन हाका मारत नाहीत. फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आधी कुत्रा येतो, मग माणूस, मग खुर्ची. खुर्ची आली की बसायचं, गार पाण्यातल्या तेरेरेचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला हातोहात एकदा फिरू द्यायचा, आणि मगच कामाचं बोलायचं. आत्याच्या टाळ्या दोन मैलांवर ऐकू येतात. कुत्रीसुद्धा तिला बघून ‘आली वाटतं’ अशा तोंडाने बाजूला होतात.

तर पणजोबा. नाव अनास्तासियो, पण सगळे तासो म्हणायचे. सत्तेचाळीस सालच्या मार्चमध्ये त्यांनी गळ्यात निळा रुमाल बांधला आणि ते बंडवाल्यांबरोबर निघाले. घरी बायको आणि दोन महिन्यांचं पोर. पाराग्वाइत तेव्हा भाऊ भावाच्या अंगावर जात होता. बंडवाले निळे एकीकडे, सरकारचे लाल दुसरीकडे. ऑगस्टमध्ये राजधानीच्या वेशीवर बंड मोडलं. जे वाचले ते नदी ओलांडून अर्जेंटिनात पळाले. पुढे काही वर्षांनी त्यातले बरेच परत आले. तासो आले नाहीत.

गावाने लगेच निकाल लावला: तासोने पलीकडे फोर्मोसात बाई ठेवली. पुढे दर वर्षी त्या बाईची भरभराट होत गेली. आधी तिला नुसती दोन पोरं होती. मग बर्फाचं दुकान निघालं. मग दुकानाला ट्रक आला. मी शाळेत जायला लागले तोवर पणजोबांना सोन्याचा दात बसला होता. ‘काय पोर्फिरियो, बर्फवाल्या भावांची काही खबर?’ असं माझ्या आजोबांना बाजारात सहज विचारायचे. आजोबा म्हणजे तेच दोन महिन्यांचं पोर. आता सत्याहत्तर वर्षांचे.

आजोबांनी गावाशी भांडण केलं नाही. त्यांनी गावाचं खरं मानलं, आणि तेच वाईट झालं. सर्वपित्रीला तुम्ही जशी पानं वाढता, तसं – हे मी तुमच्यासाठी तुमच्यातलं सांगतेय – नोव्हेंबरात सगळं गाव स्मशानात जाऊन आपापल्या मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतं. आजोबा आईसाठी लावायचे, मावश्यांसाठी लावायचे, एका लाडक्या बैलासाठीसुद्धा गुपचूप लावायचे. बापासाठी नाही.

‘जिवंत माणसाला मेणबत्ती लावत नाहीत.’

‘बाबा,’ आत्या म्हणायची, ‘ते आता शंभरीच्या वर असतील!’

‘असतील. तिकडचं हवापाणी चांगलं आहे.’

बोलून ते काठी आपटत निघून जायचे. पण मागे राहिलेल्या खुर्चीकडे बघत आत्याने एकदा मला सांगितलं, ‘हे बघ. बाबा जायच्या आत मी त्यांना त्यांचा बाप मिळवून देणार. घराकडे येताना मेला, की घराला पाठ फिरवून जगला, एवढंच मला कळायला हवं. जे असेल ते. पण कळणार.’ आत्या ‘कळणार’ म्हणाली की कोंबड्यासुद्धा अंडं लवकर आटोपतात.

शोधायला हातात काय होतं? फोटो नाही. कागद नाही. बंड मोडल्यावर पणजीने सगळं चुलीत घातलं होतं. उरली होती फक्त एक नक्कल.

तासो नकलाकार होते. त्यांची सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे आमच्या गावचे त्या वेळचे पाद्री, पाई हेनारो, यांचं गुड फ्रायडेचं प्रवचन. नाकात बोलणारे, तपकीर ओढणारे, आणि देवळात कोंबड्या शिरतात म्हणून कायम चिडलेले. पणजीने ती नक्कल जपली, तिच्याकडून माझ्या बाबांनी घेतली, बाबांकडून मी. ती अशी:

‘माझ्या पापी लेकरांनो! येशू... आं... आंछी! ...येशू तिसऱ्यांदा पडला. आणि कुणी उचललं त्याला? कुणीही नाही! कुणी... हुश्श! ...कुणीही... हुश्श, हुश्श! न्या सालुस्तियाना, ही तुमचीच कोंबडी आहे, मी पायांवरून ओळखतो!’

‘न्या’ म्हणजे आमच्याकडच्या ‘बाई’. सालुस्तियानाबाई माझ्या पणजीच्या सख्ख्या मावशी. हे प्रवचन कोस्टा पुकूबाहेर कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आजोबांना ते तोंडपाठ असणार, पण कुणी ‘माझ्या पापी’ एवढं म्हटलं की ते उठून परसात जायचे.

आत्याची युक्ती सरळ होती. जिवंत होते तोवर तासोंनी जिथे जिथे मुक्काम केला असेल, तिथे तोंड बंद ठेवलं नसणार. नक्कल केलीच असणार. आणि चांगली नक्कल घरात एकदा शिरली की भाडं न देता राहते.

‘तू करायची,’ आत्या मला म्हणाली. ‘पण पुरी नाही. हुश्श-हुश्शपाशी थांबायचं. पुढचं ज्याच्या तोंडून येईल, ते आपलं घर.’

आणि कुठल्या फाटकांशी जायचं? त्याचंही उत्तर तिच्याकडे होतं. आमच्याकडे माणूस रस्त्यात मेला की मरतो तिथे लाकडी क्रूस रोवतात, आणि क्रूसाच्या दोन्ही हातांवरून लांब कापड सोडतात. दर वर्षी तीन मे रोजी, क्रूसाच्या सणाला, जुनं उतरवून नवं नेसवायचं. मेलेल्याचं कुणी नसलं तर जवळचं घर ते करतं. बेवारशी क्रूस उघडा ठेवणं म्हणजे पाहुण्याला उपाशी पाठवणं. आणि कापडाचा रंग? निळ्याला निळं, लालला लाल. पक्ष काही आम्ही निवडत नाही, तो आडनावासारखा येतो. आजोबा बापावर आयुष्यभर चिडलेले, पण निळे ते निळेच.

म्हणून आत्याने राजधानीकडच्या जुन्या बैलगाडीरस्त्यावरचे निळे क्रूस धरले. शाळेला सुटी असेल तेव्हा मी मागे, अंड्यांच्या ट्रेमध्ये पाय अडकवून.

काय काय घरं बघितली! एका ठिकाणी आम्हाला नव्या पंथाचे धर्मप्रचारक समजून बाई आतूनच ओरडली, ‘आम्ही वाचवलेले आहोत, आम्हाला पुन्हा नका वाचवू!’ एका ठिकाणी मी हुश्श-हुश्शपाशी थांबले तर घरची सगळी माणसं माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे, आणि शेवटी त्यांच्या कोंबड्याच उठून बाहेर गेल्या. डॉन वेन्सेस्लाओ म्हणून एक गोड म्हातारा होता. पाहुण्यांची निराशा नको म्हणून त्याने स्वतःच शेवट जोडला: ‘...आणि मग पाद्रीबाबांनी त्या कोंबडीचं सूप केलं!’

‘चूक,’ आत्या म्हणाली, आणि पेला परत दिला.

‘मग तिचं लग्न लावून दिलं?’

‘चूक.’

‘एखादा गुण तरी द्या हो बाई,’ म्हातारा म्हणाला. आत्याने त्याच्याकडची सगळी अंडी घेतली, हाच त्याचा गुण.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत निळे क्रूस संपले. संपले म्हणजे संपलेच. नदीच्या फाट्यापासून आमच्या शिवेपर्यंत एकही राहिला नाही. आत्या घरी बसली. बसली म्हणजे अंडी पुसत बसली. एकेक अंडं इतकं पुसलं की त्यात तोंड दिसावं. मला वाटलं, झालं, आता सुटका. मी फोर्मोसाच्या बर्फवाल्याची नक्कलही बसवायला घेतली होती.

रविवारी सकाळी ती म्हणाली, ‘आता लाल.’

‘अगं आत्या, निळ्या माणसाला लाल कापड कोण कशाला नेसवेल?’

‘ते मला नाही माहीत. पण निळे संपले.’

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आत्या लाल घरातली अंडीसुद्धा घेत नसे. लाल क्रूस आला की ती मान दुसरीकडे वळवायची, आणि एकदा त्या नादात तीनचाकी खड्ड्यात घातली होती. अशा बाईने कांपो वेराच्या वळणावर गाडी उभी केली, साडी-बिडी नसते आमच्याकडे, तर झगाच झटकला, आणि लालभडक घराच्या फाटकाशी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच हळू वाजवल्या.

फाटकाशेजारीच क्रूस होता. ‘गाईंचा शिपाई’ म्हणून त्या भागात प्रसिद्ध. कुणाची गाय हरवली की त्याला नवस बोलतात, आणि सापडली की तिच्या गळ्यातली घंटा आणून टांगतात. वारा आला की सगळ्या घंटा वाजत होत्या, जणू कळप उभाच आहे. मधे लाल कापड, स्वच्छ, इस्त्री केलेलं.

कुत्रा आला. मग न्या देओलिंदा आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, वीतभर उंचीच्या, तोंडात त्यांच्याच मनगटाएवढा चिरूट.

‘अंडी नाहीत. कोल्ह्याने कोंबड्या नेल्या. कुठून आलात?’

‘कोस्टा पुकूहून.’

‘निळ्यांचं गाव.’

‘हो.’

न्या देओलिंदांनी आत्याला खालपासून वर बघितलं. ‘बसा. ऊन काय, निळ्यांनाही लागतं.’

खुर्च्या आल्या. पेला फिरला. आत्या म्हणाली, ‘आमची पोर एक नक्कल करते. ऐकता?’

‘करू दे. टीव्ही बिघडलाच आहे.’

मी उभी राहिले. माझ्या पापी लेकरांनो. शिंक. येशू तिसऱ्यांदा पडला. कुणी उचललं त्याला? कुणीही नाही. हुश्श! हुश्श, हुश्श! आणि थांबले.

न्या देओलिंदांच्या चिरुटाची राख त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती झटकली नाही. चिरूट काढला, नाक वर केलं, आणि नाकातून, अगदी नाकाच्या मुळातून आवाज आला:

‘न्या सालुस्तियाना, ही तुमचीच कोंबडी आहे, मी पायांवरून ओळखतो!’

आत्या खुर्चीत होती ती तशीच. तिने माझा हात धरला, आणि माझी बोटं अजून आठवण काढतात.

‘आणि पोरी,’ न्या देओलिंदा मला म्हणाल्या, ‘शिंक चुकीच्या जागी घेतेस. शिंक “कुणीही नाही”च्या नंतर. शिंकेने दचकते म्हणून तर कोंबडी उडते! नाहीतर बसलेली कोंबडी उगाच उडेल कशाला?’

खरं सांगते, माझी कानशिलं तापली. आमच्या घराण्याने तीन पिढ्या शिंक चुकवली होती.

‘तुम्हाला कुणी शिकवली?’ आत्याने विचारलं.

न्या देओलिंदांनी चिरुटानेच क्रूसाकडे दाखवलं. ‘त्याने.’

मग त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा सात वर्षांच्या. ऑगस्ट संपत आलेला, आमच्याकडच्या थंडीचे शेवटचे दिवस. एक माणूस लंगडत आला, मांडीत गोळी, गळ्याला निळा रुमाल. त्यांचा बाप तर सरकारच्या अनवाणी फौजेत, म्हणजे ह्याच्यासारख्यांवरच गोळ्या झाडायला गेलेला. घरात आई आणि चार पोरं. आईने रुमाल काढून चुलीत टाकला आणि माणसाला मक्याच्या कोठारात घातलं. शेजारणीने विचारलं असतं तर काय, म्हणून आधीच ठरवून ठेवलं होतं: डुक्कर आजारी आहे, पोरांनी तिकडे जायचं नाही.

‘आणि तुमची आई... घाबरली नाही?’

‘घाबरली की. रोज त्याला शिव्या द्यायची. म्हणायची, माझाही नवरा कुणाच्या तरी कोठारात पडला असेल, आणि तिथली बाई त्याला एवढं गरम जेवण देत नसेल! पण द्यायची. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माहीत नसलेलं कुणी मारून काढू शकत नाही, म्हणायची. तो फक्त उत्तरेकडे हात करायचा. बरोबरचे सगळे नदी ओलांडून गेले होते. होडी आली होती, जागा होती, तो चढलाच नाही म्हणे. माझं घर त्या बाजूला नाही, म्हणाला, आणि ह्या मांडीवर एवढं चालत आला.’

आत्याने डोळे मिटले आणि उघडले. बास, एवढंच.

‘संध्याकाळी आम्ही पोरं जेवण द्यायला जायचो. तो नकला करायचा. आम्ही तोंडात फडकं कोंबून हसायचो. मग मांडी काळी पडली. आईने त्याला फाटकाशी पुरलं, क्रूस रोवला. दुसऱ्याच आठवड्यात गस्त आली. हा कोण? आईने बापाचा लाल पट्टा आधीच क्रूसावर टाकला होता. म्हणाली, आमचाच! शिपायांनी टोप्या काढल्या आणि पाणी पिऊन गेले. तेव्हापासून तो लाल. पुढच्या वर्षी आमची ठिपक्यांची गाय हरवली, आईने त्याला म्हटलं, एवढं खाल्लंस तर जरा कामाला ये. संध्याकाळी गाय दारात.’

वाऱ्याने घंटा वाजल्या. मला वाटलं, आता आत्या रडेल. ती उठली, क्रूसापाशी गेली, कापड दोन बोटांत धरून बघितलं, आणि म्हणाली:

‘कापड चांगलं आहे. पण निळं पाहिजे.’

‘काय?’

‘निळं. तो निळा होता. आणि नाव पाहिजे. अनास्तासियो, माझे आजोबा.’

‘निळं कापड? माझ्या दारात?’ न्या देओलिंदा उभ्या राहिल्या, तरी खुर्चीएवढ्याच दिसत होत्या. ‘आई वर येईल माझी! आणि त्याला तरी सवय आहे का निळ्याची? सत्याहत्तर वर्षं लाल आहे तो. तुमच्याकडे किती होता निळा? सहा महिने?’

‘जन्मापासून!’

‘जन्मलेला आम्ही नाही बघितला. मेलेला बघितला.’

असं ते चाललं. मधे पेला तीनदा फिरला, कारण भांडण वेगळं आणि तेरेरे वेगळं. शेवटी न्या देओलिंदा म्हणाल्या, ‘नाव लिहा. नाव खरंच असेल तर ते त्याचं आहे. कापडाला हात लावायचा नाही.’

‘ते नंतर बघू,’ आत्या म्हणाली. हे वाक्य ती हरल्यावर म्हणत नाही.

पण खरी गाठ घरी होती. आत्याने आजोबांसमोर बसून सगळं सांगितलं. होडीत न चढणं, मांडी, उत्तरेकडचा हात, कोंबडी. आजोबा ऐकत होते. मधे एकदा त्यांची काठी जमिनीवर घसरली. मग त्यांना काहीतरी धरायला सापडलं.

‘लाल कापड म्हणालीस?’

‘हो, पण बाबा, ते त्यांना वाचवायला...’

‘लाल कापडाखाली माझा बाप? मग तो नव्हेच.’

‘बाबा! त्यांनी नक्कल पुरी केली!’

‘नक्कल कुणीही उचलतं. अर्जेंटिनाला जाता जाता शिकवून गेला असेल.’ आणि उठून परसात गेले. पण त्या दिवशी ते परसात फार वेळ होते, आणि आत्याने मला खिडकीपाशी जाऊ दिलं नाही.

तीन मेच्या सकाळी आत्याने तीनचाकीच्या मागच्या हौद्यात घरातली सगळ्यात चांगली खुर्ची दोरीने बांधली, गाडी आजोबांच्या पुढ्यात आणली, आणि इंजिन चालूच ठेवलं.

‘बसा.’

‘नाही.’

‘बरं.’ ती हँडल धरून उभी राहिली. इंजिन धडधडत राहिलं. शेजारी बघायला आले.

‘बंद कर ते.’

‘नाही.’

‘अगं, पेट्रोल जळतंय!’

‘जळू दे.’

माझे आजोबा काडीपेटीतली जळकी काडी जपून ठेवणारे. त्यांनी आकाशाकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा अंगात कोट होता आणि काखेत एक घडी. निळी. ‘पेट्रोलसाठी येतोय,’ ते म्हणाले आणि खुर्चीवर चढले. रस्ताभर ते एखाद्या मिरवणुकीतल्या संतासारखे डुलत होते, फक्त शिव्या देणाऱ्या.

कांपो वेराला क्रूसाभोवती हिरव्या फांद्यांचा मांडव घातला होता. मांडवाला पीठ आणि चीज मळून भाजलेले चिपा-पाव टांगलेले, कबुतरांच्या आकाराचे, शिडीच्या आकाराचे, भुईमुगाच्या माळा. प्रार्थना संपली की ते पोरांचे. पोरं दबा धरून बसली होती. लाल लोक भरपूर जमले होते. आम्ही उतरलो तसे सगळे आमच्याकडे वळले. जुनं कापड उतरवलेलं होतं, क्रूस उघडा होता, आणि न्या देओलिंदांच्या हातावर नवं लाल कापड.

आजोबा मांडवाच्या काठाशीच थांबले. काखेतली घडी त्यांनी अजून घट्ट धरली.

‘हा तो?’ न्या देओलिंदांनी आत्याला विचारलं. ‘दोन महिन्यांचा?’

‘हो.’

‘म्हातारा झाला की गं.’ त्या आजोबांच्या अगदी पुढ्यात आल्या. चिरूट काढून माझ्या हातात दिला. ‘तुझ्या आत्याने फक्त कोंबडी विचारली,’ मला म्हणाल्या, ‘म्हणून कोंबडीच सांगितली. पण तो शेवटी रोज एक वेगळंच करायचा.’

आणि त्या रडायला लागल्या. रडायला म्हणजे – मला ते लिहिता येत नाही, करून मात्र दाखवता येईल. तान्ह्या पोराचं रडणं. आधी दोन कोरड्या उचक्या, मग थांबणं, जणू पोर ऐकतंय की कुणी येतंय का. मग बारीक सूर, तो मधेच तुटतो, आणि मग मोठा, रागावलेला, भुकेला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या गळ्यातून ते दोन महिन्यांचं पोर इतकं खरं निघालं की मांडवातल्या एका बाईने आपल्या कडेवरच्या बाळाकडे वळून बघितलं.

‘हे माझं पोर, म्हणायचा,’ न्या देओलिंदा म्हणाल्या. ‘भूक लागली की असं रडतं. आई ओरडायची, पुरे कर, शेजारी विचारतील पोर कुणाचं. तो म्हणायचा, रोज करतो, म्हणजे विसरणार नाही. पोरं भराभर बदलतात. घरी पोहोचल्यावर ओळखू कसा?’

आजोबा म्हणाले, ‘आई सांगायची. आधी उचक्या यायच्या मला.’

आजोबांनी हात पुढे केला. ‘द्या.’

न्या देओलिंदांना कळेना. ‘काय देऊ?’

‘कापड द्या. वेळ चाललाय.’

त्यांनी लाल कापड आजोबांच्या हातावर ठेवलं. आजोबांनी ते क्रूसावरून टाकलं, एका बाजूने लांब झालं, ओढून सारखं केलं, पुन्हा केलं. बाप आणि पोर यांची भेट मी कधी बघितलेली नाही, पण कपडे नीट करणारे हात ओळखता येतात. मग ते मांडवाकडे वळून म्हणाले, ‘कोस्टा पुकूत हे कुणी सांगितलं तर बघा.’

तोवर आत्या गुडघ्यांवर बसली होती. पिशवीतून ब्रश काढला, डबा काढला, झाकण उचकटलं, आणि क्रूसाच्या लाकडावर पहिलं अक्षर ओढलं.

‘अहो, हा रंग!’ न्या देओलिंदा ओरडल्या. ‘हा निळा आहे!’

‘हो.’

‘निळ्याचं बोलणं नव्हतं झालं!’

‘नावाचं झालं होतं. रंग तुम्ही विचारला नाहीत.’ आत्याने दुसरं अक्षर ओढलं. ‘डबा जरा धरता? कलतोय.’

न्या देओलिंदांनी आईच्या नावाने आभाळाकडे एक माफी मागितली आणि डबा धरला. आत्याची अक्षरं तिच्या नकलांसारखीच, एकही दुसऱ्यासारखं नाही, पण प्रत्येक खोल आणि जाड. पोरं चिपावर तुटून पडली होती.

आजोबांनी हौद्यातली खुर्ची सोडवून आणली आणि न्या देओलिंदांच्या शेजारी ठेवली.

‘आणखी काय काय करायचे ते?’

‘टर्की करायचा,’ न्या देओलिंदा म्हणाल्या. ‘सार्जंट करायचा. पावसात भिजलेला सार्जंट वेगळा. तू बस आधी, पोरा. वेळ लागेल.’